आमच्या चषकावर नाव कोणाचं?

मीटिंग विहाराच्या ओट्यावर भरली होती. विषय जयंतीचा. सिंदीत आमच्या वस्तीत दरवर्षी 14 एप्रिलच्या आधी आठ दिवस टेनिस बॉलची टुर्नामेंट होते. या वर्षी एका पुढाऱ्यानं पहिलं बक्षीस कबूल केलं. अटी साध्याच. चषकावर त्याच्या वडिलांचं नाव, फ्लेक्सवर त्याचा फोटो, फायनलचा टॉस त्याच्या हातानं. आणि फ्लेक्सवर खाली एक ओळ त्यानंच सुचवलेली: खेळात जात नसते.

सगळे माना हलवत होते. मी रातपाळी करून तसाच येऊन बसलेलो. डोळ्यांत कापसाची भुकटी, डोक्यात रिंगफ्रेमची घरघर. मी म्हटलं, आपल्या वस्तीच्या चषकाला पाळवणकर बाळूचं नाव द्या.

पहिला म्हणाला, 'कोन बाळू?'

दुसरा दोन बुकं वाचलेला. तो म्हणाला, 'तोच न बे, ज्यानं बाबासाहेबाच्या विरोधात इलेक्शन लढलं? त्याचं नाव आपल्या कपावर? डोस्कं ठिकाणावर हाय का तुहं?'

तिसरा हळूच बोलला. शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच. 'चांभार होता म्हन्ते तो.'

दोस्तांनो, हा लेख त्या तिसऱ्यासाठी आहे. पहिल्याला माहिती दिली की भागेल. दुसऱ्याशी वाद घालता येईल. तिसऱ्याशी वाद घालता येत नाही, कारण तो मोठ्यानं बोलतच नाही. आणि दुसऱ्याच्या तोंडातलं इलेक्शन हे पुष्कळदा तिसऱ्याच्या पोटातल्या जातीवर टाकलेलं पांघरूण असतं. ते मी आज ओढणार आहे. राग आला तर येऊ द्या.

आधी त्या फ्लेक्सवरच्या ओळीचं बघू. खेळात जात नसते म्हणे! हा खेळ आपल्याकडे आला कसा ते एकदा बघा, मग ही ओळ छापा.

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. वर्ध्याला लागून दुसरी सिंदी, ती मेघ्यांची. आमची सिंदी (रेल्वे). 1867 साली रूळ नागपूरला पोचले. त्या रुळांवरून इथला कापूस मुंबईला गेला, तिथून बोटीनं विलायतेला. उलट वाटेनं विलायती कापड आलं. साहेब आला, साहेबाची छावणी आली, कचेरी आली, क्लब आला आणि क्लबासोबत बॅट-बॉल आला. साहेबानं हा खेळ आपल्यासाठी आणला नव्हता. त्यानं तो स्वतःसाठी आणला होता, घरची आठवण म्हणून. मैदान आखलं ते आपल्याला बाहेर ठेवायला. मैदान झाडायला, पाणी मारायला, रोलर ओढायला मात्र आपण पाहिजे होतो.

मुंबईत पारशांनी गोऱ्यांचं बघून खेळ उचलला. 1848 साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. ते मैदानावर खेळायचे आणि गोरे साहेब त्याच मैदानावर पोलोचे घोडे नाचवायचे. टापांनी माती उखडली जायची. पारशांनी अर्जांवर अर्ज केले. 1875 साली गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना झाला. तिथं हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं. पुढं सरकारनं समुद्रकाठी जागा वाटल्या. पारशांना जिमखाना, मुसलमानांना जिमखाना, 1894 साली हिंदूंना जिमखाना. मरीन ड्राइव्हवर ते आजही ओळीनं उभे आहेत. मुंबईला गेलात तर बघून या.

सामनेही तसेच. 1892 पासून पारशी विरुद्ध युरोपियन हा सामना ठरून गेला. 1907 ला हिंदू आले, तिरंगी झाली. 1912 ला मुसलमान आले, चौरंगी झाली. 1937 ला पाचवा संघ घेतला, त्याचं नाव रेस्ट. रेस्ट म्हणजे उरलेले. ख्रिश्चन, ज्यू, अँग्लो-इंडियन वगैरे. 1946 पर्यंत हे चाललं. संघच धर्माचे, प्रेक्षकांच्या बैठका धर्माच्या, आणि वर म्हणायचं खेळात जातधर्म नसतो.

आता मला सांगा, या वाटणीत आपण कुठं होतो? अस्पृश्यांचा जिमखाना कोणी काढला नाही. आपल्याला कोणी जागा दिली नाही. आपली गणती हिंदूंत. देवळाच्या पायरीवर आपण हिंदू नाही, विहिरीवर हिंदू नाही, पण मोजायला बसले की हिंदू. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी हाच हिशोब मांडला. तो आकडा क्रिकेटच्या मैदानावर त्याच्या कितीतरी आधी लिहिलेला होता.

त्या आकड्याचं नाव बाळू.

पाळवणकर बाळूचा जन्म 1876 चा, धारवाडचा. बाप लष्करातला. लष्कराच्या छावणीतच या पोराला बॅट-बॉल दिसला. पुण्यात आधी पारशांच्या एका क्लबात महिना 3 रुपयांवर लागला. काम मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचं. 1892 पासून पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात, महिना 4 रुपये. तिथं नेटमध्ये साहेबांना बॉल टाकायचं कामही त्याच्याकडं आलं. डावखुरा. हळू टाकायचा, पण बॉल हातभर वळवायचा. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित बॅट्समन त्याच्यासमोर तासन्‌तास सराव करायचा.

त्या नेटमध्ये त्याच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. बॅट साहेबाची, बॉल टाकणं मजुराचं. साहेबानं मारायचं, मजुरानं घाम गाळायचा आणि बॉल आणून पुन्हा टाकायचा. गिरणीत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांशी सामना जिंकायचा होता. आता पंचाईत. गोऱ्यांना बाद करणारा एकच हात होता, आणि तो हात चांभाराचा. खूप खल झाला. शेवटी हात आत घेतला. मैदानावर त्यानं टाकलेला बॉल ब्राह्मण झेलत होते, त्याच्याकडं परत फेकत होते. त्या बॉलला विटाळ नव्हता. चहाची सुट्टी झाली की संघ मंडपात आणि बाळू मंडपाबाहेर. संघाला चिनी मातीचे कप, त्याला वेगळं मातीचं भांडं, पिऊन फेकून द्यायचं. जेवण वेगळं, जागा वेगळी.

हा विटाळ कसा काय, मैदानाच्या दोरीशी येऊन थांबतो आणि चहाच्या किटलीशी पुन्हा उठून बसतो?

मी सांगतो. हे मी पुस्तकात नाही, गिरणीत शिकलो. जुन्या गिरण्यांत धोट्याची कांडी बदलली की धाग्याचं टोक तोंडानं चोखून धोट्याच्या भोकातून ओढून घ्यावं लागायचं. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात, जिथं पगार चांगला, तिथं अस्पृश्यांना मज्जाव होता. सवर्ण कामगार म्हणायचे, यांच्या थुंकीचा धागा आम्ही तोंडात कसा घेऊ? कमी पगाराच्या खात्यांत मात्र आपल्याला कोणी हटकलं नाही. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यापुढं ठेवला. कामगारांची एकजूट म्हणता, तर आधी विणाई खात्याचं दार उघडा.

म्हणजे विटाळ हा देवाधर्माचा नसून हिशोबाचा आहे. जिथं आपल्या हातावाचून अडतं तिथं तो नाहीसा होतो. जिथं पगार, मान आणि हुकूम वाटायचा असतो तिथं तो हजर.

बाळू मुंबईला आला. रेल्वेत नोकरी लागली, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. धाकटा भाऊ शिवरामही आला. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना त्यांच्याच बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर 109 धावांनी हरवलं. मुंबईत तेव्हा जेवायला-चहाला या भावांना आत घेतलं जात होतं. सुधारकांनी टाळ्या वाजवल्या. मीही ते नाकारत नाही. मातीच्या भांड्यापासून कपापर्यंतचं अंतर कमी नाही. आपल्या आज्यांना विचारा, चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी कुठं ठेवलेली असायची.

पण पुढं बघा. 1911 साली पतियाळाच्या महाराजाच्या कप्तानीखाली हिंदी संघ विलायतेला गेला. संघ हरत होता आणि बाळू एकटा बॉल टाकत होता. त्या दौऱ्यात त्यानं 114 विकेटी घेतल्या. वय पस्तीस, खांदा दुखरा, तरी 114. परत आल्यावर आपल्या लोकांनी मुंबईत त्याचा सत्कार केला.

एवढं करून हिंदू संघाची कप्तानी? नाही मिळाली. वर्षानुवर्षं लोक मागत होते. 1913 साली मु. द. पै कप्तान झाले. त्यांच्या सत्कारात ते स्वतःच बोलून गेले की हा मान बाळूचा होता. पै भला माणूस. पण त्याच्या भलेपणानं मान काही बाळूकडं गेला नाही. कप आत आला, कप्तानी बाहेरच राहिली. कप देणं म्हणजे उपकार, तो देता येतो. कप्तानी देणं म्हणजे चांभाराचा हुकूम ब्राह्मणानं ऐकणं. तू स्लिपला जा, तू लाँगऑनला जा, तुझी ओव्हर संपली. हे कसं सोसवेल?

मग 1920 उजाडलं. लक्षात ठेवा, याच वर्षी मूकनायक निघाला, याच वर्षी माणगावची परिषद झाली. त्या हंगामात पै आजारी पडले. जिमखान्यानं कप्तानी पाळवणकरांतल्या कोणालाही न देता पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिली. देवधर मोठे बॅट्समन, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण निवडणाऱ्यांशी. बाळूचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढलं आणि संघातून बाहेर पडले.

मित्रांनो, इथं थांबा. याच्यासाठीच मी हे सगळं लिहितो आहे.

1906 चा विजय झाला, कप्तानी मिळाली नाही. 114 विकेटी झाल्या, कप्तानी मिळाली नाही. पैंनी भाषणात कबुली दिली, तरी मिळाली नाही. दोन भावांनी 'आम्ही खेळत नाही' म्हटलं आणि दार हललं. लोक जिमखान्याविरुद्ध बोलू लागले. पुढच्या सामन्याला बाळू उपकप्तान झाला, भाऊ परत आले, आणि पै मैदानाबाहेर असताना संघ बाळूच्या हुकमात खेळला. 1923 साली विठ्ठल हिंदूंचा रीतसर कप्तान झाला आणि त्याच्या कप्तानीत हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली.

गुण दाखवून माणसं बरोबरीची होतात, हे आपल्याला शाळेपासून शिकवतात. चांगला खेळ, चांगला शिक, चांगलं काम कर, जात आपोआप जाईल. बाळूचं अख्खं आयुष्य या थापेवर शिक्का मारून गेलं आहे. गुणानं आत घेतात ते वापरायला. बरोबरी मिळते ती काम बंद पाडल्यावर. दोन पाळवणकरांनी क्रिकेटमध्ये संप केला. कामगार म्हणून मला त्याच्याइतकी अभिमानाची दुसरी गोष्ट त्या खेळात दिसत नाही.

2001 साली लगान आला. आपल्या वस्तीतही लोकांनी तो पाहून टाळ्या पिटल्या. त्यात 1893 सालचा कचरा आहे. अस्पृश्य, एक हात अधू, आणि अधू हातामुळं बॉल वळतो. नीट विचार करा. त्याच वर्षांत पुण्यात खराखुरा बाळू महिना 4 रुपयांवर रोज घाम गाळून बॉल वळवायला शिकत होता. सिनेमानं त्याची मेहनत काढून घेतली आणि त्याला व्यंग दिलं. त्याला संघात घ्यायचं भाषण कोणी केलं? भुवननं. कप्तान कोण? भुवन. त्या वेळी कचरा स्वतः काही बोलत नाही, संघ सोडून जाणं तर दूरच. विठ्ठल-शिवरामचं निवेदन सिनेमात मावत नाही, कारण त्यात नायकाला काही काम उरत नाही.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. डिसेंबर 1940 मध्ये हिंदू जिमखान्याची माणसं मुंबईहून वर्ध्याला गांधीजींकडं आली. देशात सत्याग्रही तुरुंगात जात होते, तिकडं युद्ध पेटलेलं. अशात पंचरंगी सामने खेळावे का, हे विचारायला आली होती. गांधीजींनी सांगितलं की जमातवार संघ खेळात नसावेत. बोलणं बरोबर होतं. पण हिंदू, मुसलमान, पारशी ही वाटणी वाईट म्हटल्यानं हिंदूंच्या पोटातली वाटणी मिटत नाही. ज्या जिमखान्याची माणसं समोर बसली होती त्याच जिमखान्यानं वीस वर्षांपूर्वी काय केलं होतं, तो जाब द्यायला ती वर्ध्याला आली नव्हती. आमच्या जिल्ह्याला आश्रमांचा मोठा मान आहे. म्हणूनच इथं मन बदलण्याची भाषा फार चालते. मला मनाचं कळत नाही. मला एवढं कळतं की 1920 साली मन बदलायची वाट बघितली असती तर 1923 उजाडलं नसतं.

आता दुसऱ्या दोस्ताला उत्तर. होय, बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभा होता. लपवायचं कशाला? 1932 च्या पुणे करारावर त्याची सही आहे. तो स्वतंत्र मतदारसंघाच्या विरुद्ध होता. येवल्याच्या घोषणेनंतर धर्मांतरालाही त्यानं विरोध केला. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्याला मुंबईत बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूला 11,225. बाबासाहेब जिंकले.

मी स्पष्ट लिहितो: बाळूची वाट चुकली. ज्यांनी कप्तानी दिली नाही त्यांच्याच घरात तो न्याय शोधत राहिला. पण त्याला उभं कोणी केलं, कशासाठी केलं, ते बघाल का? काँग्रेसला गोलंदाज नको होता. महाराच्या विरोधात चांभार हवा होता. सगळ्या देशाला माहीत असलेलं नाव, आणि पोटजात वेगळी. पुन्हा तेच झालं. हात वापरून घेतला. पुण्याच्या नेटमध्ये साहेबानं वापरला, मैदानात हिंदूंनी वापरला, निवडणुकीत पक्षानं वापरला.

बाबासाहेबांनी त्याला मतपेटीत हरवलं. त्याच्या विकेटी खोडायला सांगितलं नाही. 1955 साली बाळू गेला. पुढच्याच वर्षी नागपूरला आपण दीक्षा घेतली. माझा आजा सिंदीहून गाडीत उभा राहून गेला होता, पांढरं धोतर धुऊन. त्या दिवशी त्यानं जात टाकली असं आम्ही मानतो.

टाकली का?

आता तिसऱ्या दोस्ताकडं येतो, आणि माझ्याकडंही. मागच्या वर्षी टुर्नामेंटच्या नोंदणीवर मी बसलो होतो. पलीकडच्या वस्तीतली मांगांची पोट्टी आली. अकरा जण, पैसे जमा करून आणलेले, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे शर्ट. कमिटीतल्या एकानं मला डोळा मारला. मी वही मिटली आणि म्हटलं, ड्रॉ भरला रे दादा. ड्रॉ भरलेला नव्हता. दोन घरं रिकामी होती. त्यांचा कप्तान माझ्याहून लहान. वही बघितली नाही, भांडला नाही. 'बरं दादा' म्हणाला आणि पोरांना घेऊन गेला.

त्या दिवशी मी हिंदू जिमखाना होतो. निळा गमछा गळ्यात घालून होतो, एवढाच फरक.

हे लिहायला मला वर्ष लागलं. म्हणून तिसऱ्याला मी शिव्या देत नाही. तो हळू बोलला, मी वही मिटून बोललो. आपण वरच्या पायरीवर थुंकतो आणि खालच्या पायरीवर उभं राहून बघतो की अजून कोणी खाली आहे का. साहेबानं मैदान जातीधर्मानं वाटलं, जिमखान्यानं चहा वाटला, आणि आपण ड्रॉ वाटतो. मग पुढारी येऊन 'खेळात जात नसते' लिहितो तेव्हा आपण कुठल्या तोंडानं त्याला खोटारडा म्हणणार? त्याचे पैसे आपल्याला गोड लागतात ते याच्यासाठीच. तो आपल्याला काही विचारत नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. पुढच्या मीटिंगमध्ये मी ते मांडणार, आज लिहून ठेवतो.

पुढाऱ्याचं बक्षीस परत करायचं. घरटी 20 रुपये काढा. चषक लहान येईल, येऊ द्या. आपल्या पैशानं आलेला कप हातात घेताना मान खाली घालावी लागत नाही.

ड्रॉ उघडा करायचा. मांगांची टीम, चांभारांची, गोंडांची, मोहल्ल्यातली, जी येईल ती. मागच्या वर्षीच्या त्या पोराच्या घरी बोलावणं घेऊन मी जाणार. तो नाही म्हणाला तर त्याचा हक्क आहे, विठ्ठल-शिवरामनं तोच बजावला होता.

चषकाचं नाव पाळवणकर बंधू चषक. एकट्या बाळूचं नको असेल तर माझा हट्ट नाही. ज्या दोघांनी 1920 साली खेळायला नकार दिला त्यांच्यासकट चौघांचं असू द्या: बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. फ्लेक्सवर खाली पुढाऱ्याच्या ओळीच्या जागी लिहा: कप्तान कोण?

आणि फायनलचा टॉस जो पोरगा पहाटे उठून मैदान झाडतो, फक्की मारतो, त्याच्या हातानं. टॉस झाल्यावर त्याला बॅट द्या. बाळूला नेटमध्ये ती कोणी दिली नव्हती.

कमिटीला हे मान्य नसेल तर हरकत नाही. मग मी खेळत नाही. माझ्यासारखा अजून एक जण निघाला तरी पुरे, 1920 साली दोघंच होते.

जय भीम.